आषाढातली भाऊबीज

मुक्ताताई बोंद्रे कुठलाही कागद शेवटून वाचतात. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो, औषधाच्या खोक्यातली सतरा घड्यांची चिठ्ठी असो. आधी शेवटची ओळ, मग तिच्या वरची, असं करत मथळ्यापर्यंत. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात पंचांगांची आणि कॅलेंडरांची प्रुफं तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. सरळ वाचलं की डोळा अर्थामागे पळतो आणि चूक निसटते. उलटं वाचलं की एकेक आकडा एकटा उभा राहतो, त्याला लपायला जागा उरत नाही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. छापखान्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. सवय मात्र गेली नाही, उलट ती माणसांनाही लागू झाली. समोरचा काय बोलतो याकडे मुक्ताताई फारसं लक्ष देत नाहीत. तो चपला घालताना शेवटचं काय बोलतो, तिथून त्या सुरुवात करतात.

याच सवयीमुळे त्यांचं लग्न राहिलं, असं धाकटी राधा म्हणते. एका चांगल्या स्थळाची पत्रिका आली तेव्हा मुक्ताताईंनी तिथी आणि वार ताडून पाहिले आणि मुलाच्या वडिलांना सर्वांसमोर विचारलं, की यात लिहिलेल्या तिथीला तर गुरुवार होता, तुमच्याकडे सोमवार कसा? मुलाचं वय दोन वर्षांनी कमी केलेलं निघालं. त्यानंतर स्थळं आली ती पत्रिका न घेता आली, आणि मग आलीच नाहीत.

तर जानेवारीतल्या एका सकाळी त्यांच्या शनिवार पेठेतल्या एका खोली-स्वयंपाकघराची बेल वाजली. दारात झोपाळ्याचं चित्र छापलेला पिवळा टी-शर्ट घातलेला मुलगा उभा होता. विक्रम त्याचं नाव. झोकानगरीहून आला होता.

झोकानगरी म्हणजे मुळशीच्या रस्त्यावरचं ते पाळण्यांचं, घसरगुंड्यांचं मोठं उद्यान आणि त्याला लागून असलेलं राहण्याचं रिसॉर्ट. तिथे मुक्ताताई, त्यांचा भाऊ हिंमतराव आणि बहीण राधा या तिघांच्या नावे वर्षातला एक आठवडा लिहून दिलेला होता. एक खोली, सहा माणसं, सात दिवस, दर वर्षी. अकरा वर्षं झाली त्याला.

विक्रमने पाणी घेतलं नाही, चहा घेतला, आणि मांडीवर टॅबलेट उघडला. आपली झोकानगरी आता नेक्स्ट लेव्हलला चाललीय, म्हणाला. आज एकशे चाळीस खोल्या आहेत, दहा वर्षांत नऊशे होणार. कोकणात एक पार्क, नाशिकला एक. सभासद आज तीन हजार, दहा वर्षांनी वीस हजार. पडद्यावर एक निळी रेघ खालून वर चढत गेली आणि टॅबलेटच्या कडेपाशी नाहीशी झाली.

"वीस हजार कुटुंबं," मुक्ताताई म्हणाल्या. "आणि दिवाळी?"

"म्हणजे?"

"दिवाळी किती दिवसांची होणार दहा वर्षांनी? की तिचंही काही वाढवणार आहात?"

विक्रम हसला. हसून झाल्यावर त्याला कळलं की समोरून कुणी हसलेलं नाही. मग त्याने नव्या कराराबद्दल सांगितलं. जुने ठरावीक आठवडे सगळे एकाच सिस्टिममध्ये आणायचेत. तुमचा आठवडा तसाच राहणार, काकू, फक्त कॉम्प्युटरवर येणार, शिवाय कोकणातली एक रात्र फ्री. पुढच्या दहा वर्षांच्या तारखासुद्धा आत्ताच छापून दिल्यात मागे. मुक्ताताईंनी कागद ठेवून जा म्हटलं. तो ठेवायला फारसा तयार नव्हता, पण ठेवून उठला. आणि बूट चढवताना, वाकल्या वाकल्या म्हणाला, "रविवारी बाणेरच्या हॉटेलात सभासदांचा मेळावा आहे, तोपर्यंत सही द्या काकू. दादांनी आणि राधाताईंनी केलीच आहे. फक्त तुमचीच राहिलीय."

मुक्ताताईंनी दार लावलं आणि तिथून सुरुवात केली.

हिंमतने सही केली? आपल्याला न विचारता?

त्या आठवड्याची गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर ती सही त्यांना इतकी का लागली ते कळणार नाही. बोंद्र्यांचे वडील अकोल्याकडून येऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. क्वार्टर्समधल्या दोन खोल्यांत तिन्ही मुलं वाढली. पुढे हिंमतही त्याच कारखान्यात लागला. वडील गेले, आणि पहिल्याच भाऊबीजेला भांडण झालं. कुणाकडे जमायचं यावरून. हिंमतच्या घरी राधा पोराबाळांसह अकोल्याहून आली की कल्याणीच्या, म्हणजे हिंमतच्या बायकोच्या, कपाळाला आठी पडते असं राधाचं म्हणणं. मुक्ताताईंच्या एका खोलीत पाट मांडला की निरांजनाला जागा नाही. दुसऱ्या वर्षी राधा आलीच नाही. तिसऱ्या वर्षी मुक्ताताईंनी वडिलांच्या मागे राहिलेले पैसे वाटू दिले नाहीत. त्यातून त्यांनी हा आठवडा घेतला. कुणाचंच घर नको. पाळण्यांच्या गावात भाऊबीज.

करार करताना समोर बसले होते ते रंगराव. झोकानगरी उभी आहे ती जमीन त्यांची, तेव्हा सगळा कारभारही त्यांचाच. मुक्ताताईंनी सांगितलं, की मला तारखेचा आठवडा नको. भाऊबीज दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. कार्तिक शुद्ध द्वितीयेपासून सात दिवस, असं लिहा. दुसरा कुणी असता तर हसला असता. रंगरावांनी कारकुनाला सांगितलं, "लिव्हा ताई म्हणत्यात तसं. आमच्या गावची जत्रा काय तारखेनं हाय व्हय?" आणि खाली मुक्ताताईंच्याच सांगण्यावरून एक ओळ वाढवली, की तिघांच्या सह्या असल्याशिवाय यातलं अक्षर बदलणार नाही.

पहिल्या वर्षी निरांजनाच्या धुराने खोलीतला भोंगा वाजला आणि दोन सुरक्षारक्षक वाळूच्या बादल्या घेऊन धावत आले. हिंमतराव पाटावर, डोक्यावर टोपी, हातात सुपारी, आणि समोर बादल्या. तेव्हापासून ओवाळणं गॅलरीत होऊ लागलं. खाली पोरं घसरगुंडीवरून किंचाळत पाण्यात पडतात आणि वर तीन म्हातारी माणसं एकमेकांना करंज्या वाढतात. मोठ्या झोपाळ्यावर राधा बसली, हिंमत बसला, मुक्ताताई अकरा वर्षांत एकदाही बसल्या नाहीत. त्या झोपाळ्याच्या पाटीची शेवटची ओळ त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. अपघातास व्यवस्थापन जबाबदार नाही.

आता नव्या कराराचा कागद त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी तो उलटा केला. शेवटच्या पानावर दहा ओळींचा तक्ता, पुढच्या दहा वर्षांच्या तारखांचा. मुक्ताताईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

सन २०३५. भाऊबीज आठवडा. पाच जुलैपासून.

त्यांनी चष्मा पुसला. बोट एक ओळ वर सरकवलं. २०३४, सोळा जुलै. त्याच्या वर सत्तावीस जुलै. मग सात ऑगस्ट, अठरा ऑगस्ट, करत करत सर्वांत वर, याच वर्षीची तारीख, बारा ऑक्टोबर. भिंतीवरच्या कॅलेंडरात अकरा ऑक्टोबरला घट बसत होते. म्हणजे यंदा घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि दहा वर्षांनी आषाढात, धो धो पावसात, जेव्हा झोकानगरीचे पाळणे ताडपत्रीखाली झाकलेले असतात.

कसं केलंय ते त्यांना चटकन दिसलं. तीन वर्षांमागे भाऊबीज चौदा नोव्हेंबरच्या सुमाराला, मग तीन नोव्हेंबर, गेल्या वर्षी तेवीस ऑक्टोबर. दर वर्षी साधारण अकरा दिवस मागे. कुणीतरी तेवढं पाहिलं आणि पुढची सगळी वर्षं अकरा-अकराने मागे ढकलली. तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो आणि सगळं पुन्हा जागेवर आणतो, हे त्या कुणाला ठाऊक नव्हतं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. भाऊबीज अकरा नोव्हेंबरला.

की ठाऊक होतं?

मुक्ताताईंनी राधाला अकोल्याला फोन लावला. राधा म्हणाली, त्या मुलाने सांगितलं की ताईंनी आणि दादांनी केलीय, फक्त तुमचीच राहिली. म्हणून मी केली. मुक्ताताई म्हणाल्या, तू वाचलंस? राधा म्हणाली, तू केलीस म्हटल्यावर मी कशाला वाचू, ताई? तुझ्या नजरेतून सुटलंय असं कधी झालंय?

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण राधाची सही फसवून घेतली होती, हे कळलं. हिंमतचं काय? तो असा फसणारा नव्हता. बत्तीस वर्षं ज्या विभागात काम केलं तिथे सूचना न वाचणाऱ्या माणसाचा हात जायचा. तो वाचतो. वाचून त्याने सही केली होती.

दुसऱ्या दिवशी त्या खडकीला गेल्या, न कळवता. हिंमतराव दारातच पेपर वाचत बसले होते. ताई अचानक, म्हणत उठले. कल्याणीने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि चहा टाकला. मुक्ताताईंनी इकडचं तिकडचं केलं, गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग पिशवीतून कागद काढून भावाच्या पेपरवर ठेवला.

"वाचलं होतंस?"

हिंमतरावांनी कागदाकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मुक्ताताईंनी तेवढंच टिपलं. अकरा वर्षं मनात असलेली शंका उठून उभी राहिली. तीच. पहिल्यापासून तिला हे नको होतं.

"मी सांगितलं त्यांना, करा म्हणून," कल्याणी कप घेऊन बाहेर आली. "त्यांना कशाला विचारता? मला विचारा."

"विचारते. का सांगितलंस?"

कल्याणी ताथवड्याकडची. गाव शहरात गेलं, तिची बोलीही तीस वर्षांत खडकीने धुऊन काढली. आज मात्र कप खाली ठेवताना ती बोली आतून वर आली.

"वन्सं, मला भाऊ हाय की न्हाई?"

मुक्ताताईंना प्रश्न कळला नाही.

"गेनबा. माझा थोरला. दर भाऊबीजेला तुम्ही तुमच्या भावाला ओवाळता, तेव्हा मी कुठं असते?"

ती कुठे असते? मुक्ताताईंनी आठवून पाहिलं. गॅलरीच्या दारात. तेलाची वाटी धरून. गेलं वर्ष, त्याच्या आधीचं वर्ष, शेवटून पहिल्यापर्यंत, प्रत्येक वर्षी गॅलरीच्या दारात.

"सात दिवस तिथं. परत येऊन गाठोडी सोडायची, मग गेनबाकडं जायचं. तोवर तुळशीच्या लग्नाची गडबड. अकरा वर्षं माझा भाऊ तुळशीच्या लग्नात ओवाळून घेतोय. एकदा नाही बोलला. तुम्ही पण एकदा नाही विचारलं. आधी निदान सकाळी तुमचं आटपून दुपारी जाता तरी यायचं मला. हे म्हणाले, नव्या कागदात यंदाची तारीख दिवाळीत नाही, म्हटलं करा सही."

हिंमतराव पेपरची घडी घालत राहिले. ती आधीच घातलेली होती.

मुक्ताताई जे हातात होतं ते बोलल्या. तक्ता उघडून कल्याणीपुढे धरला. बघ, म्हणाल्या, काय केलंय यांनी. बघ, पस्तीस साली भाऊबीज जुलैत. कल्याणीने चष्मा शोधला, तक्ता वाचला. वरून खाली, सरळ. शेवटच्या ओळीपाशी आली आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती.

"मग बरंच की," ती म्हणाली. "तुमची होऊ द्या आषाढात. माझी होईल दिवाळीत."

परत येताना बसमध्ये मुक्ताताईंनी खिडकीची जागा मिळूनही बाहेर पाहिलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या होत्या. अकरा वर्षं त्या आठवड्याची तिथी, वार, खोली, सगळं त्या दर वर्षी तपासत आल्या. खोलीत राहणाऱ्यांच्या नावांची यादीही त्याच कागदावर असते. चार नावं. खोली सहा माणसांची.

रविवारी त्या बाणेरच्या हॉटेलात गेल्या. थंडगार सभागृह, दीडशेक माणसं, प्रत्येकाच्या खुर्चीवर पिवळी टोपी. मंचावर रंगराव हार घालून बसले होते, संस्थापक म्हणून; कारभार आता बाहेरच्या कंपनीचा होता. पडद्यावर तीच निळी रेघ, पण सभागृहाएवढी. कंपनीच्या प्रियदर्शनी मॅडम बोलत होत्या. गोड बोलत होत्या. भविष्यात सभासदांना किती स्वातंत्र्य असेल ते सांगत होत्या. रंगरावांना खालच्या गर्दीत मुक्ताताई दिसल्या आणि त्यांनी हारातूनच हात जोडले.

मध्ये चहा झाला. मुक्ताताई पुढे गेल्या आणि प्रियदर्शनींच्या हातात तक्ता दिला. सगळ्या दहा ओळी लाल शाईने दुरुस्त केलेल्या, प्रत्येक ओळीच्या समासात खूण, छापखान्यात करत तशी. विक्रम शेजारी उभा होता. तो म्हणाला, काकू, हे सिस्टिमने काढलंय.

प्रियदर्शनींनी त्याला थांबवलं. कागद नीट पाहिला. "तांत्रिक चूक दिसतेय, काकू. सॉरी. आपण नंतर बघून घेऊ."

"चुका मी खूप पाहिल्यात," मुक्ताताई म्हणाल्या. "चूक आंधळी असते. कधी इकडे पडते, कधी तिकडे. इथे दहाच्या दहा ओळी तुमच्याच बाजूला पडल्यात. दिवाळी तुमच्याकडे, आषाढ माझ्याकडे. आणि सह्यांचंही तसंच. प्रत्येकाला सांगितलं, बाकीच्यांनी केलीय."

विक्रमने टोपीची दोरी बोटाला गुंडाळली.

"आमचा अक्षय्य तृतीयेचा आहे," मागून कुणीतरी म्हणालं. चहाची कपबशी धरलेले एक गृहस्थ. "रंगरावांनीच दिलाय, तिथीनं. आमचा कुठे गेलाय हो बाई?"

मुक्ताताईंनी मनात हिशेब मांडला. "शेवटचं पान काढा. शेवटची ओळ. जानेवारीत असेल, संक्रांतीच्या आधी."

कपबशी खाली ठेवली गेली. पान उलटल्याचा आवाज आला. मग दुसऱ्याने उलटलं, मग तिसऱ्याने. कुणी आवाज चढवला नाही. पुण्याची माणसं, आधी वाचायला लागली. मंचावर रंगराव हळूच आपला हार काढत होते. ते खाली उतरून आले आणि प्रियदर्शनींना म्हणाले, "बाई, तिथी मोडायची हाय हे मला न्हाई सांगितलं कुणी." ते खरं बोलत होते की नाही, हे मुक्ताताईंना ठरवता आलं नाही. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

अर्ध्या तासाने कंपनीच्या कागदावर, शिक्क्यानिशी, त्यांना लिहून मिळालं, की जुना करार तसाच राहील आणि यंदाचा आठवडा अकरा नोव्हेंबरपासून. प्रियदर्शनी म्हणाल्या, आता झालं ना समाधान? मुक्ताताईंनी पत्र उलटं धरलं आणि त्यांच्यासमोर उभ्यानेच वाचलं, शिक्क्यापासून वरपर्यंत. मग त्यांनी नावांची यादी मागवली आणि स्वतःच्या अक्षरात पाचवं नाव लिहिलं. सहावी ओळ मोकळी सोडली.

घरी येऊन त्यांनी खडकीला फोन केला. हिंमतने उचलला, त्याला म्हणाल्या, तुझ्याशी नाही बोलायचं, तिला दे.

कल्याणी आली. मग मुक्ताताईंनी एका दमात सांगितलं, की पाट दोन मांडू. गॅलरी मोठी आहे. गेनबाभाऊंचं नाव मी लिहून आलेय, त्यांच्या मंडळींचं तू विचारून सांग, ओळ रिकामी ठेवलीय. पहिलं ओवाळणं तुझं. तेलाची वाटी मी धरीन.

"लिहून आलात, आणि मग विचारताय," कल्याणी म्हणाली.

ही चूक मुक्ताताईंचीच होती, आणि ती त्यांच्याच बाजूला पडली होती.

"विचारते गेनबाला," कल्याणी म्हणाली. "येईल की नाही, माहीत नाही. तो शेताबाहेर कुठं राहत नाही. आणि त्या झोपाळ्यावर तर बसायचा नाही, आधीच सांगते."

"नकोच बसायला," मुक्ताताई म्हणाल्या. "मी पाटी वाचलीय."